वजनाचं इंजेक्शन घ्यायचं का? पहिल्या सुईआधी करायची कामं

"काका, हे मिळंल का?" पोरानं मोबाइल काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर इंजेक्शनच्या पेनचा फोटो. चिठ्ठी मागितली, तर म्हणाला, "चिठ्ठी न्हाई ओ, पण दोस्तानं घेतलंय. बारा किलो उतरला गडी." दोन महिन्यांवर बहिणीचं लग्न आलेलं, शेरवानी शिवायला टाकलेली, आणि शिंप्यानं माप घेताना काहीतरी टोमणा मारलेला.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. वजन उतरवायच्या या इंजेक्शनांबद्दल (सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड) विचारणारी चार-पाच माणसं आता आठवड्याला येतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगत नाही. पण डॉक्टरकडं जायच्या आधी काय करायचं, तिथं काय विचारायचं आणि पैशाचा हिशेब कसा मांडायचा, हे सांगू शकतो. बहुतेक जण "किती किलो उतरंल?" एवढंच विचारतात. थांबवल्यावर काय होतं, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते निर्णय त्या दुसऱ्या प्रश्नावर घ्यायला हवा, म्हणून या लेखात मी पुन्हा पुन्हा तिथंच येणार आहे.

आधी टेप, मग काटा

वजनाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, कमरेचा कुणालाच नसतो. शिंप्याचा टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि खुब्याचं हाड बोटांनी चाचपा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पोट सुटलं की आपण पँट त्याच्या खाली नेसतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली, तर आतल्या अवयवांभोवती चरबी साठतेय असं धरतात.

मग बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. त्या पोराचं वजन ७६ किलो, उंची १७२ सेंटिमीटर. १.७२ नं दोनदा भागलं की २५.७ येतात. आपल्याकडं २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. युरोप-अमेरिकेतले आकडे २५ आणि ३० आहेत. भारतीय माणसाला कमी वजनातही पोटावर चरबी येते आणि शुगर लवकर लागते, म्हणून आपली रेघ खाली ओढलेली आहे.

औषधांची रेघ वेगळी आहे. या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त, किंवा निदान २७ आणि सोबत शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं असं काहीतरी, अशी अट असते. काही भारतीय डॉक्टर सोबतचे आजार बघून थोडं आधीही सुरू करतात. पोराला शुगर नाही, बीपी नाही, बीएमआय २५.७. तो या रेघेच्या पुष्कळ अलीकडं होता. तालमीतल्या पैलवानाचा बीएमआय सहज ३० निघतो आणि त्याला कुणी लठ्ठ म्हणणार नाही, म्हणून तर टेप आधी.

वजन कशामुळं चढलं?

घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या एका पिशवीत असतात. त्यातल्या आपल्या वेगळ्या काढा आणि ती पिशवी डॉक्टरकडं घेऊन जा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बराच काळ घेतलेलं स्टेरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, मानसिक आजारावरचं ओलॅन्झापिन, फिटवरचं व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढतं. अशा वेळी नवीन औषध जोडण्याआधी जुनं बदलता येतं का, हे बघायला हवं. स्वतःच्या मनानं मात्र त्यातलं काहीही बंद करू नका.

तपासण्या फार लागत नाहीत: टीएसएच (थायरॉइडची), उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, बीपी. बायकांची पाळी अनियमित असेल तर पीसीओएसच्या (बीजकोशांच्या एका आजाराच्या) अंगानंही तपासणी. घोरणं आणि दिवसभर पेंग येणं असेल तर तेही आवर्जून सांगा. लोकांना त्याची लाज वाटते, पण निर्णय त्यावरून बदलू शकतो.

आठवडाभर खाल्लेलं लिहून काढा. मी स्वतः लिहिलं तेव्हा मिसळ किंवा मटणाचं काही वाटलं नाही, ते मला माहीतच होतं. धक्का चहानं दिला. दुकानात येईल त्याच्यासोबत अर्धा-पाऊण कप, असे दिवसाला सहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. साखरेच्याच अडीचशेच्या आसपास कॅलरी झाल्या, दूध वेगळं. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री धारोष्ण दूध प्यायला जायचो, ते तर मी "औषधी" म्हणून हिशेबातच धरत नव्हतो.

इथं एक सांगतो. "आधी तीन महिने चालून दाखव, मग औषधाचं बोलू" असं दरडावणं मला पटत नाही. आहार आणि व्यायाम औषधासोबत लागतातच, औषध त्यांच्या जागी येत नाही. पण वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, उतरलेलं परत मिळवायला बघतं. रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या मारूनही ज्याचं वजन चारदा उतरून चारदा चढलं, त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. औषधाचा विचार खरा अशाच माणसानं करावा.

कोणकोणतं औषध आहे

सगळ्यात जुनं ऑर्लिस्टॅट. जेवणासोबत घ्यायची कॅप्सूल. खाल्लेल्या तुपा-तेलातला साधारण ३० टक्के भाग ती पचू देत नाही, तो तसाच खाली जातो. वर्षभरात नुसत्या आहारापेक्षा सरासरी तीनेक किलोचा जादा फरक पडतो. तेलकट खाल्लं की ती त्याची वसुली कशी करते, ते मला स्वतःला माहीत आहे. २०१६ साली मी ती घेत होतो. गडहिंग्लजकडं पाहुण्यांच्या गावात म्हाई, म्हणजे गावजत्रा होती. मटण, पांढरा, तांबडा, वर चुलत्यांचा आग्रह. कॅप्सूल घेतलेलीच होती. परत येताना जीपमध्ये मधल्या सीटवर मी, पांढऱ्या पायजम्यात. निपाणीच्या फाट्यापर्यंत सगळ्यांना कळलं. त्यानंतर दोन महिने मी तेल खरोखरच कमी केलं, ते भीतीनं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही यात कमी शोषली जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना वेगळं घ्यावं लागतं. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर ठेवायचं.

हल्ली ज्यांची चर्चा चालते ती सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. जेवल्यावर आतड्यातून जी संप्रेरकं निघून मेंदूला "पुरे" सांगतात, त्यांची ही नक्कल. भूक कमी होते आणि पोट सावकाश रिकामं होतं. दोन्ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. टिर्झेपाटाइड 'मौंजारो' नावानं भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइड वजनासाठी 'वेगोव्ही' नावानं जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडची गोळी आपल्याकडं २०२२ पासून आहे, पण शुगरसाठी. ती उपाशीपोटी, अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त पाणी न घेता गिळायची आणि पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. उठल्याउठल्या चहा लागणाऱ्या गावात ही अट किती जण पाळतात, देव जाणे.

किती उतरतं? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडच्या पूर्ण मात्रेवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलं, नुसत्या आहार-व्यायामावर २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत छोट्या ५ मिलिग्रॅम मात्रेवर १५ टक्के, सगळ्यात मोठ्या मात्रेवर २१ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे शुगर नसलेल्यांचे. शुगर असलेल्यांचं वजन याहून कमी उतरतं. आणि ही सरासरी आहे. काहींचं जवळजवळ काहीच उतरत नाही, पण त्यांचे फोटो मोबाइलवर फिरत नाहीत. सगळे आकडे सव्वा वर्षाहून जास्त काळाचे आहेत, हेही बघा. दोन महिन्यांत शेरवानी बसवायला हे औषध बनलेलं नाही. दोन महिने तर नुसती मात्रा वाढवण्यात जातात.

चूर्ण, "फॅट कटर" चहा, डबीवर नाव नसलेल्या कॅप्सूल यांबद्दल थोडक्यात: सिबुट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळं भारतात २०११ सालीच बंद झालं, पण "हर्बल" म्हणून विकलेल्या मालात ते पुन्हा पुन्हा सापडलंय. थायरॉइड नसताना थायरॉइडची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी हेही वजन उतरवायचे रस्ते नव्हेत.

कुणी घेऊच नये, कुणी जपून

थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर या दोन इंजेक्शनांचा विचार सोडा. बरेच जण हे वाचून घाबरतात, "मला तर थायरॉइड आहे!" म्हणतात. साधा थायरॉइड कमी असणं आणि रोजची गोळी चालू असणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यानं हे औषध बंद होत नाही.

स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली, पित्ताचे खडे, पोट सावकाश रिकामं होण्याचा आजार, शुगरमुळं डोळ्यांच्या पडद्याला झालेला त्रास, यांतलं काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. शुगरवाल्यांनी पडदा तपासून घेतलेला बरा.

मूल हवं असलेल्या बायकांनी नीट ऐका. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी आणि टिर्झेपाटाइड निदान एक महिना आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइडमुळं गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे निरोध वापरायचा. पीसीओएस असेल तर वजन उतरल्यावर अंडी सुटणं पुन्हा सुरू होतं आणि "मला दिवस जात नाहीत" हा समज खोटा ठरतो. ही गोष्ट काउंटरवर चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिली.

हिशेब वर्षाचा मांडा

मौंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. त्यानंतर बाजार हलला. वेगोव्हीची किंमत २०२५ च्या अखेरीस कमी झाली आणि सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळं देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. म्हणून मी लिहिलेल्या भावावर विसंबू नका. दोन-तीन दुकानांत आजचा भाव विचारा आणि तो सुरुवातीच्या नव्हे, ज्या मात्रेवर तुम्ही राहाल तिचा विचारा. बहुतेकांची फसगत इथंच होते. पहिल्या महिन्याचा आकडा परवडतो म्हणून सुरू करतात, मात्रा चढते तसा खर्च चढतो.

त्या आकड्याला बारानं गुणा. त्यात तपासण्या आणि डॉक्टरची फी मिळवा. हा आकडा दोन वर्षं घरातून जाईल का, हे घरच्यांसमोर बसून ठरवा. जाणार नसेल तर सुरू न करणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही. पैसे वाचवायला आठवडाआड टोचणं किंवा एका कुपीतून दोघांनी घेणं, हे मी पाहिलंय. पहिल्यानं मात्रेचं गणित विस्कटतं, दुसऱ्यानं जंतुसंसर्ग होऊ शकतो.

डॉक्टरकडं

एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) किंवा एम.डी. मेडिसिन झालेल्यांकडं जा. ब्युटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर "स्लिमिंग पॅकेज" विकणाऱ्याकडं नको. सोबत कमरेचं माप, गोळ्यांची पिशवी, रिपोर्ट आणि आठवड्याची खाण्याची वही न्या. पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथंच लिहून घ्या: माझ्यासाठी हेच औषध का? माझ्या चालू गोळ्यांत काय बदलायचं? कुठल्या मात्रेवर थांबायचं? किती दिवसांनी किती फरक दिसला नाही तर बंद करायचं? आणि थांबवायचं झालं तर कसं?

दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा, ते आमच्या वहिनींमुळं कळलं. वय ५२, उंची १५८, वजन ७८, बीएमआय ३१.२, कंबर ९८. शुगर आठ वर्षं, एचबीएवनसी ७.९, गुडघे बोलायला लागलेले. त्यांच्या डॉक्टरांनी सेमाग्लुटाइड सुरू करायच्या दिवशीच ग्लिमेपिराइड निम्मं केलं. वहिनींना वाटलं, चुकून लिहिलं असेल, म्हणून त्यांनी जुनी मात्राच चालू ठेवली. दहाव्या दिवशी देवपूजा करताना घाम फुटला, हात थरथरायला लागले. घरात मशीन होतं, शुगर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग जेवायला बसवलं. नवीन औषधानं भूक निम्म्यावर आली होती आणि जुनी गोळी पूर्ण मात्रेनं शुगर पाडत होती. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका.

पहिले तीन महिने

मात्रा लहान सुरू होते. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅम, टिर्झेपाटाइड २.५, आणि निदान चार आठवड्यांनी एकेक पायरी. लवकर उतरावं म्हणून पायरी गाळू नका. मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठता किंवा जुलाब हे त्रास बहुतेकदा मात्रा वाढवल्यावर येतात आणि हळूहळू ओसरतात. ताट लहान करा, घास सावकाश खा, पोट भरलं असं वाटायच्या आधीच थांबा. तर्री या दिवसांत अजिबात सोसत नाही. कटाची वाटी लांब ठेवा, मटकी खा.

खाणं कमी झालं की प्रथिनं पहिल्यांदा कमी होतात आणि चरबीसोबत स्नायूही झिजतात. ताटात आधी अंडं, उसळ, दही, पनीर, मटणाचे चरबी नसलेले तुकडे, मग भाकरी आणि भात. आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. जिम नको वाटत असेल तर बैठका आणि भिंतीला टेकून जोर. तालमींच्या गावात हे शिकवणारा माणूस गल्लीत सापडतो. नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत.

पोटात असह्य दुखून पाठीकडं कळ जात असेल, उलट्या थांबत नसतील, उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ आली, किंवा एकाएकी दिसेनासं झालं, तर पुढच्या सुईची वाट न बघता दवाखाना गाठा. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा. उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

खरेदीचं माझ्या धंद्यातलं सांगतो. बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर खोक्यावरच्याशी जुळवून बघा, मुदत बघा. औषध दुकानाच्या फ्रीजमधून तुमच्या डोळ्यांसमोर निघालं पाहिजे. २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रीजरमध्ये नाही, गोठलेलं टाकून द्यायचं. घरी फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा. बाहेर किती दिवस टिकतं हे प्रत्येकाच्या माहितीपत्रकात वेगळं असतं, ते आधीच वाचून ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर धावपळ होत नाही. मोबाइलवर मेसेज करून कुरिअरनं घरपोच देणाऱ्याकडून स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मे महिन्यात ते पार्सल कुठल्या गोदामात किती तास तापलं, कोण सांगणार?

थांबवायचं कसं, ते आधी लिहा

सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर पाहिलं गेलं. उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. टिर्झेपाटाइड थांबवलेल्यांचंही वजन परत चढलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, तसंच हे. पण बीपीची गोळी जन्मभर घ्यायची हे आपण मान्य केलेलं असतं, इथं लोक "सहा महिन्यांचा कोर्स" समजून येतात.

म्हणून पहिल्या सुईच्या आधी एक कागद घ्या. त्यावर आजचं वजन, कंबर, बीपी, एचबीएवनसी. त्याखाली तुम्हाला नेमकं काय हवंय, तेही किलोत न मांडता: एक गोळी कमी व्हावी, जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढता याव्यात, असं काहीतरी. पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी शुगर, बीपी सुधारतात, त्यामुळं लग्नाआधीच्या वजनाचा हट्ट नको. मग तपासणीची तारीख. सोसवेल त्या मात्रेवर तीनेक महिने होऊनही पाच टक्केसुद्धा उतरलं नाही, तर चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं. शेवटी, कुठल्या कारणांनी थांबवायचं ते: पैसे, त्रास, दिवस राहण्याचा विचार. थांबवल्यानंतरचे सहा महिने दर रविवारी कंबर मोजायची आणि चार सेंटिमीटर वाढली की डॉक्टरकडं परत जायचं, हेही तिथंच.

पोरानं कागद लिहिला नाही. माझ्या टेपनं कंबर मोजून घेतली, ९१ भरली. सहा चहांचा माझा हिशेब ऐकून हसला आणि शिंप्याला शिवण दोन बोटं सोडायला सांगतो म्हणून गेला.

वहिनींचा कागद फ्रीजच्या दारावर चिकटवलेला आहे. आठ महिन्यांत ७८ चे ६९ झाले, ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झालं, शुगरची दुसरी गोळी मेटफॉर्मिन चालू आहे. आखाडात भाचीनं मटणाला बोलावलं तेव्हा त्या दोन फोडी आणि अर्धी वाटी पांढरा घेऊन थांबल्या. कागदावर खाली पुढची तारीख आहे, १४ नोव्हेंबर, आणि तिच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलंय: "चालू ठेवायचं का, भाऊजींबरोबर हिशेब करणे."